तिसऱ्या डब्यातली ज्वारी

अण्णा, तुमची टोपली ही देवीची परडी आहे असं वाडीतल्या बायांना मी सांगितलं होतं. विरोधकांनी नाही, पाटलानं नाही, आणि बायांनी ते आपल्या मनानंही घेतलं नव्हतं. मी सांगितलं. तुमच्या वकिलीतल्या मुन्शीनं.

एवढं बोलायला मला बारा वर्षं लागली, आणि बोललो तेव्हा तुम्ही ऐकायला नव्हता. माझं हे जुनंच आहे. मुदत संपल्यावर दरखास्त घेऊन धापा टाकत कोर्टाची पायरी चढणारा मुन्शी तुम्ही जन्मभर पदरी बाळगलात. "मुन्शी, तुम्हाला तारीख कळते, वेळ कळत न्हाय," असं तुम्ही म्हणायचात. तारीखही कळत नव्हती, अण्णा. तुम्ही भीड धरून बोलत होता.

तुमच्या शोकसभेत मलाही बोलायला उभं केलं. तुम्ही असता तर मागच्या रांगेत बसून घड्याळ काढलं असतं. मी म्हणालो, "अण्णांच्या निवडणुकीत मी त्यांचा उजवा हात होतो." लोकांनी माना हलवल्या. उजव्या हातानं नेमकं काय केलं ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. खाली बसून डोळे पुसले. पाणी खरं होतं, पण त्यातलं अर्धं तुम्ही गेल्याचं होतं आणि अर्धं मी पुन्हा एकदा निसटल्याचं.

ती पहिलीच निवडणूक. निजामी जाऊन चार वर्षंही झाली नव्हती. दिल्लीच्या जागेला तिघं उभे. एक मोठ्या पक्षाचे, त्यांच्या मागं सगळे होते. दुसरे बडे जमीनदार, त्यांच्यापुढं सगळे वाकत. तिसरे तुम्ही. तुमच्या मागंही मी आणि पुढंही मीच. आपला पक्ष केवढा, तर त्याची सगळी कार्यकारिणी तुमच्या कचेरीतल्या सतरंजीवर मावायची आणि मधे चहाचं ताट ठेवायला जागा उरायची. लोक विचारायचे, "वकीलसाहेब, येताय का निवडून?" तुम्ही सरळ सांगायचात, "न्हाय. पण दोघांपेक्षा निराळं बोलणारा तिसरा असू शकतो, एवढं तरी लोकांना दिसू द्या."

मला हे अजिबात पटायचं नाही. मला दिल्ली दिसत होती. तुळजापूरला जाऊन चुलत्याचा जुना लोकरीचा कोट मी मागून आणला होता, दिल्लीच्या थंडीसाठी. खासदारासोबत मुन्शीही जाणार, असा माझा हिशेब. तो कोट तुम्हाला कधी दाखवला नाही. कसरीनं खाल्ला.

कलेक्टर कचेरीत चिन्हं वाटली तेव्हा आपल्या वाट्याला टोपली आली. मी खट्टू झालो. तुम्ही मात्र खूश. "टोपलीतनं शेण बी नेतात आणि टोपलीत भाकरी बी ठेवतात. बरं चिन्ह हाय," म्हणालात. पायऱ्या उतरताना माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी म्हणालो, "अण्णा, नीट बघा. ही टोपली न्हाय, परडी हाय. आईची परडी. आपल्या मुलखात परडीला न्हाय म्हणायची कुणाची टाप हाय?"

तुम्ही पायरीवरच थांबलात. "मुन्शी, देवीला मतदानात ओढू नका. तिचं नाव यादीत न्हाय."

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. "हसायचं न्हाय. या जिल्ह्यात रझाकारांच्या वेळी अल्लाचं नाव घेऊन काय झालं आणि मग फौज आल्यावर देवाचं नाव घेऊन काय झालं, दोन्ही मी बघितलंय. आपल्या शेजारच्या खाजासाहेबांच्या कचेरीला अजून कुलूप हाय. मत मागायचं तर माणसानं माणसाला मागायचं. मला जबान द्या."

मी जबान दिली. तुमच्या हातात हात ठेवून दिली. शोकसभेतला तो उजवा हात, तोच.

प्रचारातल्या माझ्या बाकीच्या चुका तुम्हाला ठाऊक होत्या आणि त्या तुम्ही मिटक्या मारत सगळ्यांना सांगायचात. भिंती रंगवायचा मजकूर मी घाईत खरडला आणि रंगाऱ्यानं "टोपलीला"तला एक 'ल' खाऊन तीन गावांत "टोपीला मत द्या" असं हातभर अक्षरांत लिहिलं. टोप्या तर सगळ्या मोठ्या पक्षाच्या डोक्यावर. त्यांचा माणूस आपल्या कचेरीत आभार मानायला आला तेव्हा तुम्ही त्याला चहा पाजलात, आणि तो गेल्यावर मला म्हणालात, "मुन्शी, एक ल तेवढा सांभाळा, बाकी हरायला मी समर्थ हाय." या चुका मी स्वतःही रंगवून सांगत आलो. पुढची सांगितली नाही. माणूस आपल्या लहान चुका एवढ्या हौसेनं का सांगतो, ते मला आता कळतंय. लोक त्याच ऐकत बसतात.

ती वाडी तेरच्या पुढं, तेरणेच्या काठाला. मतदानाला आठ दिवस होते. तुम्ही भूमकडच्या ईट गावाला गेला होता आणि इकडची बाजू माझ्यावर टाकली होती. वाडीत पोचलो तर माणसं सगळी रानात. पारावर एक म्हातारा. त्याला लोकशाही, संसद, तिसरा पक्ष असं सगळं तासभर समजावलं. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बियाणं कवा वाटणार?"

तेवढ्यात सोनाबाई आली. तुम्ही तिला पुढं चांगलं ओळखायला लागलात, पण मी तिला तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. देवीची आराधीण, गळ्यात कवड्यांची माळ. शुक्रवार होता म्हणून हातात परडी. चार घरचं पीठ, मूठ मूठ ज्वारी, वर कुंकवाचा करंडा. बाकीच्या बाया तिच्या मागं उभ्या. वाडीतल्या बायांमधे तिचा शब्द चालतो हे बघताक्षणी कळत होतं. तिनं माझ्या हातातल्या कागदावरचं चित्र बघितलं. "ह्यो टोपलीचा कागद कशाचा म्हणायचा?"

मी लगेच नाही बोललो, अण्णा. तेवढं माझ्या बाजूनं लिहून घ्या.

मग म्हणालो, "मावशी, ही टोपली न्हाय. तुमच्या हातात हाय ना, तीच ही. शुक्रवारचा जोगवा घालता तसाच घालायचा. आत गेलं की तीन डबे असतील. तिसऱ्यावर परडीचं चित्र. त्या परडीत जोगवा घालायचा. दुसऱ्या डब्याला शिवायचं न्हाय आणि कुणाशी बोलायचं न्हाय."

"वकीलसायबांनी सांगितलंय?"

"मग काय. त्यांनीच धाडलंय मला."

तिनं तो कागद कपाळाला लावला. मी सायकलवर बसलो आणि तेरपर्यंत शीळ घालत आलो.

चिठ्ठीचं मी बोललोच नव्हतो. केंद्रावरचा साहेब मताची एक चिठ्ठी देईल, ती आपल्या माणसाच्या डब्यात टाकायची, हे सगळ्यांना ठाऊक असणार असं मी धरून चाललो. त्या बायांच्याच काय, त्यांच्या सात पिढ्यांच्या आयुष्यात हे पहिलं मतदान होतं, हे मुन्शीच्या ध्यानात आलं नाही.

मतदानाच्या दिवशी भाड्याची सायकल घेऊन, छातीला टोपलीचा बिल्ला लावून मी गावोगाव फिरलो. वाडीत बायांची रांग. डोक्यावरून न्हालेल्या, ठेवणीतली लुगडी नेसलेल्या, आणि सगळ्यांच्या उजव्या मुठी घट्ट मिटलेल्या. मी त्या मुठी पाहिल्या, अण्णा. मला वाटलं, पहिलं मत आहे, बुजल्या असतील. एकजण पडद्याआडून बाहेर आली ती मागं मागं सरकत, देवळातून येतात तशी. मी खिशातल्या कागदावर लिहिलं, "वाडी सगळी आपली."

या फिरण्यात माझं स्वतःचं मत राहून गेलं. धाराशिवात पोचलो तेव्हा शाळेच्या दाराला शिपाई कडी घालत होता. "वक्त खतम, मुन्शीजी," म्हणाला. तुम्ही विचारलंत, "टाकलं का?" मी म्हणालो, "सकाळीच." बोटावर शाई नव्हती, म्हणून चार दिवस त्या बोटाला चिंधी गुंडाळून हिंडलो. विळी लागली म्हणून सांगितलं. वहिनींनी एकदा माझ्याकडं जरा रोखून बघितलं. मी विळीवर कधी बसलोय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आणि मग मोजणी. वाडीचा तिसरा डबा टेबलावर उपडा केला आणि चिठ्ठ्यांच्या आधी ज्वारी आली. टेबलावरून सांडून सगळ्या खोलीभर पसरली. थोडं पीठ, चिमूटभर कुंकू, आणि पुरुषमाणसांच्या दहा-पंधरा चिठ्ठ्या. अधिकारी हैदराबादेकडचे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "वकीलसाब, ये क्या है? आप तो लेव्ही वसूल कर रहे हैं."

लेव्हीची, म्हणजे सरकारी धान्यवसुलीची, झळ सगळ्यांनीच सोसलेली; सगळी खोली हसली. जमीनदारांचा माणूस मात्र हसला नाही. तो तेरकडचा, त्याला परडी बरोबर कळली. तो उठून मोठ्यानं म्हणाला, "हे आईच्या नावानं मत मागितलंय. सभेत एक बोलायचं आन् मागनं परडी फिरवायची."

तुम्ही माझ्याकडं वळलात. "मुन्शी, हे कसं झालं?"

तेव्हा, अण्णा. तेव्हाच सांगायचं होतं. तुम्ही रागावला असता, कदाचित मला कचेरीतून काढलं असतं, पण त्या खोलीत सगळ्यांसमोर ते माझ्या नावावर पडलं असतं. मी म्हणालो, "बाया अडाणी हायेत अण्णा. खेड्यातल्या."

तुम्ही मला तिथंच सुनावलंत. "बाया अडाणी नसतात. सांगणारा अडाणी असतो." मला वाटलं, कळलं. पण तुम्ही स्वतःलाच सांगणारा समजत होता. मग तुम्ही त्या माणसाकडं वळलात आणि म्हणालात, "मी देवीच्या नावानं मत मागितलेलं न्हाय. माझ्या एकाही माणसानं मागितलेलं न्हाय. मी जबान देतो."

तुमचा तो 'एकही माणूस' म्हणजे मीच होतो. तुम्ही माझी जबान तुमच्या तोंडानं दिलीत, आणि मी खाली बसून ज्वारी गोळा करायला लागलो. नम्रपणे करतोय असं लोकांना वाटलं. मला वर बघायचं नव्हतं.

हरायचे ते तुम्ही हरलाच असता. वाडीसारख्या दहा वाड्या मिळाल्या असत्या तरी दिल्ली लांबच होती. पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत राहिलो. पण कोर्टात तुम्हाला "जोगवा वकील" हे नाव पडलं. "आज कुणाच्या दारी?" असं लोक विचारायचे आणि तुम्ही हसून पुढं जायचात. मी तुमच्यामागं फायली घेऊन चालायचो. मलाही हसू आल्यासारखं दाखवावं लागायचं.

आठवड्यानं तुम्ही म्हणालात, "चला, वाडीला जाऊन येऊ." मला त्या दिवशी पोटात अशी कळ आली की मी गडाबडा लोळलो. तुम्ही वैद्याला सांगून एकटेच गेलात. परत आलात ते हसत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. "मुन्शी, ऐका. साहेबानं बोटाला शाई लावली, ते त्यांना कुंकू वाटलं. चिठ्ठी दिली, तो प्रसाद. जोगवा घालायच्या आधीच प्रसाद मिळाला, म्हणून खूश झाल्या बिचाऱ्या. चिठ्ठ्या घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवल्यात. आता सांगा, त्यांचं काय चुकलं?" मग जरा थांबून म्हणालात, "सोनाबाई म्हणत होती, आमचं चुकलं. मी म्हणलं, मावशी, चूक माझी. मीच नीट सांगितलं न्हाय."

टोपलीची परडी बायांनी आपल्या मनानंच केली असं तुम्ही धरून चालला होता; तुमच्या 'चूक माझी'वरून ती काय समजली असेल, हा विचार तुमच्या मनात आला नाही. माझ्या मनात आला आणि मी तो चहाबरोबर पिऊन टाकला.

मग तुमचे ते शुक्रवार सुरू झाले. रॉकेलच्या डब्याला वरून फट पाडून तुम्ही तो सायकलला बांधायचात आणि वाडीला जायचात. बायांना ओळीत बसवून चिठ्ठी टाकायला लावायचात. लिहायला शिकवायला लागलात ते तिथंच. कुणी म्हणालं, हरलेला माणूस आता कशाला जातो, तर म्हणायचात, "सांगायचं राहिलंय." माझी चूक तुम्ही अशी शुक्रवारी शुक्रवारी फेडत होता, आणि तुमची सायकल पुसून द्यायचं काम मी करायचो. तेवढं मात्र मी मन लावून केलं. पुढं शिक्क्याची पद्धत आली तेव्हा तुम्ही पुन्हा गेलात. आता डबा एकच, कागदावर शिक्का मारायचा, हे सांगितल्यावर सोनाबाई म्हणाली होती, "बरं झालं, समद्यांची परडी येकच केली." हे तुम्ही किती जणांना सांगितलंत. प्रत्येक वेळी माझ्याकडं बघून, मी दाद द्यावी म्हणून.

आपला एक वाद मात्र शेवटपर्यंत मिटला नाही. दुसरी निवडणूक आली, तिसरी आली, आणि मी तुमच्या मागं लागलो की उभं राहा. तुम्ही टाळायचात. एकदा मी फारच चिडलो, म्हणालो, तिसरा बोलणारा असायला पाहिजे हे तुमचंच म्हणणं ना? तेव्हा तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. "मुन्शी, मी भर खोलीत जबान दिली आणि अर्ध्या गावाला ती खोटी वाटली. खोटी न्हवती. पण वाटली. आता कोणत्या तोंडानं म्हणू, माझ्यावर विश्वास ठेवा?"

कचेरीत आपण दोघंच होतो. तिसऱ्या प्रहरची वेळ, पक्षकार कुणी नाही, दौत माझ्यासमोर. एका वाक्यानं तुम्ही पुन्हा उभे राहिला असता. मी म्हणालो, "चहा सांगू का?"

तुम्ही म्हणालात, "सांगा."

दुखणं आलं तेव्हाही मी रोज यायचो. पायथ्याशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. तुम्ही शेवटी शेवटी फार बोलत नव्हता. एकदा माझ्या हातावर हात ठेवून म्हणालात, "मुन्शी, तुमच्यासारखा माणूस मिळाला न्हाय मला." वहिनींच्या डोळ्यांना पदर लागला. मला वाटलं, तुम्ही हात काढून घेतलात तर बरं.

परवा तेराव्याला सोनाबाई आली. तेरहून मोटारीनं, दोघी बायांना घेऊन. आता तिला नीट दिसत नाही. जेवणं झाल्यावर ओट्यावर माझ्याशेजारी बसली आणि कनवटीची चंची सोडून तिच्यातून एक कागद काढला. कुंकवानं लाल झालेला, घड्यांवर फाटलेला. मला आधी कळलं नाही. मग कळलं, बारा वर्षांपूर्वीची मताची चिठ्ठी.

"ही वकीलसायबांची चिठ्ठी," ती म्हणाली. "म्या त्यांस्नी इचारलं हुतं, हिचं काय करू. म्हणले, ऱ्हाऊ द्या मावशी, म्या पुन्यांदा उभा ऱ्हायलो की टाका. थट्टा करत हुते, ठावं हाय मला. पर म्या ठेवली. ऱ्हायलेच न्हाईत उभं."

आणि अण्णा, तेव्हा ते माझ्या तोंडातून गेलं. ठरवून नाही. जबान, पायरी, परडी, तुम्ही ईटला गेला होता ते, सगळं. माझं संपल्यावर तिनं विचारलं,

"म्हंजी वकीलसायबांनी देवीचं नाव घ्यायला सांगितलंच न्हवतं?"

"न्हाय, मावशी. त्यांनी घेऊ नका म्हणून सांगितलं होतं."

"मग त्ये मला 'चूक माझी' का म्हणले?"

"त्यांना वाटलं, चिठ्ठीचं तुम्हाला कुणी नीट सांगितलं न्हाय. त्याबद्दल म्हणाले."

तिनं हातातला कागद मांडीवर सपाट केला. आत वहिनी भांडी मोजून ठेवत होत्या, त्याचा आवाज येत होता. मग तिच्या सोबतच्या बाईला, पण मला ऐकू येईल असं, म्हणाली, "आन् म्या समद्या वाडीला काय सांगितलं? देवीच्या नावानं मत मागितलं खरं, पर माणूस मोठा. तोंडावर कबूल झाला. लेकी-सुनांना बी ह्येच सांगितलं."

कोर्टात तुम्हाला खोटं ठरवून हसत होते, आणि वाडी तुम्हाला दोषी धरून माफ करत होती. तुम्ही दर शुक्रवारी त्या माफीत जाऊन बसायचात, तिच्या हातची भाकरी खायचात आणि आनंदात परत यायचात. दोन्हीकडचं ठाऊक असलेला माणूस जिल्ह्यात एकच होता, आणि तो सायकल पुसत होता.

मी म्हणालो, "चुकलं, मावशी. मीच अडाणी."

म्हणताना मला वाटलं, यावर ती काहीतरी बरं बोलेल. म्हातारी माणसं बोलतात तसं, होतं असं, जाऊ द्या. तिनं चिठ्ठीची घडी जुन्याच घड्यांवर घातली, चंचीत ठेवली आणि दोरी ओढली.

"आमी ज्वारी तरी टाकली, मुन्शी," ती म्हणाली. "तुमी काय टाकलं?"